हलत राहणारी गादी

म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या कारिन यान्त्स यांनी जिम्नॅस्टिक्समध्ये पाच पदकं जिंकली. त्यांतली दोन सुवर्णपदकं होती. पुढे त्या डॉक्टर झाल्या, पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात अस्थिरोग विभागात काम करू लागल्या. तिथेच कुर्ट शेलनाक यांच्यासोबत त्यांनी कमरेच्या मणक्यांसाठी कृत्रिम गादी घडवली. १९८४ साली ती पहिल्यांदा रुग्णाच्या शरीरात बसवली गेली.

त्याआधी झिजलेल्या गादीवरचा शेवटचा उपाय म्हणजे फ्युजन: दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे. दुखणं पुष्कळांचं कमी होतं, पण तो सांधा बंद पडतो. त्याच्या वाट्याची हालचाल शेजारच्या गाद्यांना सोसावी लागते आणि काहींच्या बाबतीत पुढे त्याही झिजतात. हालचाल राखण्याचा प्रयत्न स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी आधी केला होता. त्यांनी मणक्यांमध्ये पोलादी गोळे बसवले, पण सारा भार इवल्याशा जागेवर आल्याने ते हाडात रुतत गेले.

शारिटेची कल्पना वेगळी होती. वर-खाली धातूच्या दोन चकत्या आणि मधे दोन्ही बाजूंनी फुगीर असा पॉलिथिलीनचा गाभा. माणूस वाकला की गाभा थोडा सरकतो, त्यामुळे फिरण्याचा केंद्रबिंदूही सरकतो. खऱ्या गादीतही तो एका जागी खिळलेला नसतो. पहिल्या दोन आवृत्त्या मात्र टिकल्या नाहीत: एकीच्या चकत्या लहान असल्याने हाडात शिरत, दुसरीचा धातू मोडे. १९८७मध्ये हॅम्बर्गच्या वाल्डेमार लिंक कंपनीने कोबाल्ट-क्रोमच्या रुंद, दातेरी चकत्यांची तिसरी आवृत्ती काढली आणि ती जगभर गेली. चूक मान्य करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची ही तयारी मला त्या सुवर्णपदकांहून मोठी वाटते.

शस्त्रक्रिया पाठीतून होत नाही. रुग्ण उताणा झोपतो, पोटावर छेद घेतात, आतडी आवरणासकट बाजूला सारतात आणि महाधमनी व महाशिरेच्या फांद्या हळुवार हलवून मणक्यापर्यंत पोचतात. म्हणून अनेकदा रक्तवाहिन्यांचे सर्जन सोबत असतात. जुनी गादी काढायची, मणक्यांमधली उंची परत मिळवायची आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत नवी गादी नेमकी मधोमध बसवायची. ती किंचित कलली तरी पुढची सगळी वर्षं भार वाकडा पडतो.

अमेरिकेत ३०४ रुग्णांच्या चाचणीत ही गादी फ्युजनपेक्षा दोन वर्षांत कमी पडली नाही, आणि २००४मध्ये तिला मान्यता मिळाली. मात्र तुलनेसाठी निवडलेली फ्युजनची पद्धत तोवर मागे पडू लागली होती, असा आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप मला रास्त वाटतो. ‘कमी पडली नाही’ म्हणजे ‘सरस ठरली’ असं नव्हे.

कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. ज्यांना लागते, त्यांच्यातही हाडं ठिसूळ झालेली, मणका सरकलेला, पाठीमागचे लहान सांधे झिजलेले असे कितीतरी जण वगळावे लागतात. हे लहान सांधे दुखत असतील तर हालचाल राखल्याने दुखणंही राखलं जातं. बिघडलेली गादी काढायची वेळ आली तर त्याच पोटातून, पण आता व्रणाने चिकटलेल्या रक्तवाहिन्यांमधून वाट काढावी लागते. ती दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कितीतरी जोखमीची असते, म्हणून पहिल्या वेळी ‘तुम्हाला ही गादी नको’ असं सांगणारा सर्जन भेटला, तर त्याचं ऐकावं.