कौशल्यस्तरानुसार टेनिस प्रशिक्षण : एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या टेनिस कोर्टवर एकाच वेळी तीन प्रकारचे विद्यार्थी असतात : प्रथमच रॅकेट हाती घेणारे, शाळेत थोडेफार खेळलेले आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तयारी करणारे. प्रशिक्षक बहुधा एकच असतो. साहजिकच त्याचे लक्ष स्पर्धकांकडे जाते व नवोदितांच्या वाट्याला चेंडू गोळा करण्याचे काम येते. एकच सराव कमी-अधिक प्रमाणात देणे म्हणजे स्तरानुसार प्रशिक्षण, असा समज यामागे दिसतो. वस्तुतः स्तर बदलला की सरावाचे केवळ प्रमाण नव्हे, तर स्वरूपच बदलावे लागते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

स्तरनिश्चिती :
फिट्स व पोस्नर यांनी १९६७ मध्ये कारक कौशल्याच्या अध्ययनाच्या तीन अवस्था मांडल्या. बोधात्मक अवस्थेत शिकणारा प्रत्येक हालचालीचा विचार करतो. साहचर्य अवस्थेत त्याच्या चुका कमी होतात. स्वयंचलित अवस्थेत हालचाल सहज घडून लक्ष इतरत्र देता येते. म्हणून स्तर ठरवताना फटक्याचे सौंदर्य नव्हे, तर खेळाच्या ओघात तो किती टिकतो हे पाहावे. प्रशिक्षकाने हाताने टाकलेला चेंडू अचूक मारणारा विद्यार्थी रॅलीत दोन-तीन फटक्यांतच चुकत असेल, तर त्यास प्रगत मानता येत नाही.

प्रारंभिक स्तर :
या स्तरावर खेळाडूऐवजी साधने बदलावीत. नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंमी उंचीवरून सोडल्यास १३५ ते १४७ सेंमी उसळतो. लाल चेंडू सुमारे ९० ते १०५ सेंमीच उसळतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये ‘प्ले अँड स्टे’ मोहीम सुरू करून मंद गतीच्या लाल, नारिंगी व हिरव्या चेंडूंचा पुरस्कार केला. २०१२ पासून दहा वर्षे व त्याखालील वयोगटाच्या स्पर्धांत असे चेंडू नियमानेच आवश्यक ठरले. ही पद्धत केवळ मुलांसाठी नाही. चेंडू मंद असल्यास प्रौढ नवोदितालाही विचार करण्यास वेळ मिळतो आणि पहिल्याच दिवशी रॅली शक्य होते. सूचना मात्र एका वेळी एकच द्यावी.

मध्यम स्तर :
येथे सर्वाधिक चूक होते ती एकच फटका सलग पन्नास वेळा घोटून घेण्याची. शी व मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात क्रम बदलत सराव करणारे सरावावेळी मागे पडले. परंतु नंतरच्या चाचणीत त्यांनीच कौशल्य अधिक टिकविले. प्रयोग टेनिसच्या फटक्यांवरील नसला तरी त्याचा बोध येथे उपयुक्त आहे. फोरहँड, बॅकहँड व व्हॉली आलटून-पालटून घ्यावेत. सरावात वाढणाऱ्या चुका पाहून प्रशिक्षकाने अस्वस्थ होऊ नये. नवोदितावर मात्र असे मिश्रण लवकर लादू नये. त्याला फटकाच अजून अवघड असतो.

प्रगत स्तर :
येथे प्रश्न फटक्याचा कमी आणि निर्णयाचा अधिक असतो. सर्व्हिस करणे, ती परतविणे, दोघेही बेसलाइनवर असणे, स्वतः नेटकडे जाणे आणि प्रतिस्पर्धी नेटवर येणे या पाच परिस्थितींभोवती सराव रचावा. उदाहरणार्थ, ३०-४० अशा गुणस्थितीपासून गेम सुरू करून केवळ एकच सर्व्हिस द्यावी. प्रत्याभरण प्रत्येक फटक्यानंतर न देता गेम संपल्यावर, तेही शक्यतो प्रश्नरूपाने द्यावे.

मिश्र गटाचे नियोजन :
एका पूर्ण कोर्टच्या जागेत आडवे असे चार लहान कोर्ट आखता येतात. त्यामुळे आठ नवोदित एकाच वेळी खेळू शकतात. असमान जोडीत वरच्या खेळाडूस एकच सर्व्हिस द्यावी किंवा त्याचा गेम ०-३० पासून सुरू करावा. दोघांनाही आव्हान उरते. चेंडू गोळा करण्याची पाळी मात्र सर्वांना समान असावी.

समारोप :
प्रगत खेळाडू प्रशिक्षक जवळ नसतानाही काही काळ स्वतःचा सराव करू शकतो. नवोदिताला ते शक्य नसते. म्हणून प्रशिक्षकाच्या विचाराची सर्वाधिक गरज नवोदिताला असते. पहिल्या महिन्यात कंटाळून कोर्ट सोडणारा विद्यार्थी पुढे निवड चाचणीस येत नाही आणि त्याच्यात काय होते, हे महाविद्यालयास कधीच कळत नाही.