पिनकोडातली हर्षद संख्या

छत्रपती संभाजीनगरचा ४३१००१ हा पिनकोड निव्वळ संख्या म्हणून पाहा. अंकांची बेरीज ९, आणि ९ ने संख्येला निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ म्हटलं. बेरीज ९ आली की हे ठरलेलंच. दहाला नवाने भागून बाकी १ उरते, त्याचा हा परिणाम. अवयव मात्र बघत राहावेत असे: ८१ × १७ × ३१३. मला त्याहून जास्त आवडतो तिथल्या विद्यापीठाचा ४३१००४. बेरीज १२. बेरजेमुळे ३ ने भाग जातो, शेवटच्या ०४ मुळे ४ ने. म्हणून १२ नेही, भागाकार ३५९१७. छावणीच्या ४३१००२ ला हे जमत नाही: बेरीज १०, पण शेवटी शून्य नाही.