जरा सरकून घ्या

पनवेलच्या जुन्या गावात १८४९ साली बांधलेलं ‘बेथ एल’ सिनेगॉग आहे. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यात एकेकाळी गावोगाव बेने इस्राएली यहुदी कुटुंबं नांदत होती. घरात मराठी, बायकांच्या अंगावर नऊवारी, आडनावं पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर. या घरांतल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट ऐकली. फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले, प्रार्थनेची एक ओळ लक्षात राहिली. बुडालेल्यांना तिथेच मूठमाती देऊन वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला.

शनिवारी मात्र त्यांचा घाणा थांबे. त्यांच्या धर्मात तो विश्रांतीचा दिवस. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली आधीपासून होतेच. त्यांच्या शेजारी हे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाऊ लागले. कुणी शनिवार सोडला नाही, कुणी सोमवार सोडला नाही. पोहे, ओला नारळ, साखर आणि फळं यांचा ‘मलिदा’ हा त्यांचा प्रसाद झाला. एलियाहू हनबी हा त्यांचा पैगंबर अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला आणि तिथल्या कातळावर त्याच्या रथाची खूण उमटली, अशीही श्रद्धा रुजली. १८८०च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलींची मराठी कीर्तनंही होऊ लागली. बायबलातल्या कथा मुलांनी टाळ-चिपळ्यांच्या ठेक्यावर ऐकल्या.

ही गोष्ट गोड आहे, पण सगळी गोड नाही. या समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशा दोन फळ्या होत्या आणि दोन्हींत सोयरीक होत नसे. पुढे १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, तेव्हा कोकणात कधी न विचारला गेलेला प्रश्न तिथे विचारला गेला: तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयानं काढला. बेने इस्राएली रस्त्यावर उतरले. १९६४ साली इस्राएलच्या संसदेनं ते सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा वाद निवळला. ज्या देशाला ‘आपला’ म्हणून ते गेले, तिथेच आपलेपणाचा पुरावा द्यावा लागला.

पनवेलच्या एसटी स्टँडवर गोव्याकडची, पुण्याकडची गाडी लागली की ‘जरा सरकून घ्या’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. मुलांसाठी लिहिलेल्या आपलेपणाच्या गोष्टींनाही या सरकण्याची कसोटी लावून पाहता येते. वेगळ्या मुलाला जागा मिळते तेव्हा सरकतं कोण? तो मुलगाच अंग चोरून बसतो, की आधीपासून बसलेले थोडे हलतात?

मराठी मुलांची सर्वांत लाडकी गोष्ट या कसोटीला अर्धीच उतरते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तक १९३५ साली आलं. त्यातल्या एका रात्री श्याम एका म्हाताऱ्या महार बाईची पडलेली मोळी तिच्या डोक्यावर चढवून देतो. आईच त्याला पाठवते. पण घरी येऊन आंघोळ कर, हेही तीच सांगते. मोळी उचलली जाते, विटाळ मात्र जागचा हलत नाही. कोकणातल्या त्या काळच्या घरात एवढंही धाडसाचंच होतं. श्यामला त्यावरून गावाची बोलणी खावी लागतात.

आंघोळीचा उल्लेख गुरुजींनी गाळला नाही, म्हणूनच तो उतारा आजही वर्गात वाचण्याजोगा आहे. बारा-तेरा वर्षांचं कुणीतरी विचारतंच, ‘मग आंघोळ कशाला?’ लेखकानं स्वतः पुढे काय केलं, हे त्या मुलाला सांगता येतं. १९४७च्या मे महिन्यात गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि विठ्ठलमंदिराचं दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडलं. त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि गोष्ट सांगणं हे गावोगावच्या कार्यकर्त्यांचं काम बनलं. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले.   

मोळीच्या गोष्टीत सांगणारा श्याम आहे. त्या म्हातारीच्या घरातलं मूल सांगू लागलं, तर गोष्ट कशी होईल?

ती सांगितली गेली आहे, आणि ‘श्यामची आई’च्या किती तरी आधी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मुक्ता ही मांग समाजातली, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिताना तिनं कुणाची दया मागितली नाही. वेद ब्राह्मणांचे असतील, तर आमचा धर्म कोणता, असा जाब विचारला.

दुसरी गोष्ट १९०१ सालची. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली, नवे कपडे घातलेली मुलं मसूर स्टेशनावर उतरली. स्टेशनमास्तर आधी आस्थेनं बोलला. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडं देऊ केलं, तेव्हा एक गाडीवान तयार झाला, पण मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि तो बरोबर चालणार, या अटीवर. जवळ डबा होता, पण पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या मुलांतले एक भीमराव आंबेडकर. प्रौढपणी त्यांनी हा प्रसंग इंग्रजीत लिहिला, तो एखाद्या मुलाला समजेल इतक्या साध्या शब्दांत.

सरकण्याचं काम शाळेनं स्वतः केल्याचंही उदाहरण महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष देण्याऐवजी ताराबाईंनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. शंख-शिंपले, बिया, पानं ही शिक्षणाची साधनं झाली. तिथल्या गाण्या-गोष्टींत मुलांचं रानही आलं.

नव्या काळात अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या चित्रपटानं नव्या मुलाला जागा मिळण्याचा धागा उचलला. आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय, नवी शाळा, नवे सवंगडी आणि भर पावसात किल्ल्यात मागे राहून गेलेलं एकटं पोर. २०१४च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला क्रिस्टल बेअर दिला. कोकणातल्या पावसात एकटं पडणं म्हणजे काय, हे जर्मनीतल्या मुलांनाही कळलं.

पनवेलला १८५२ साली नगरपालिका आली, २०१६ साली महानगरपालिका. कळंबोली, खारघर, तळोजा भागातल्या वर्गांत आज हिंदी, बंगाली, मल्याळम बोलणाऱ्या घरांतली मुलं एका बाकावर बसतात. राज्याच्या २०२०च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यावर त्यांच्याही हाती मराठी धडे आले. मुंबई-पुण्याच्या दिशेनं वाढणारं शहर त्यांना आपलं वाटतं की नाही, यात त्या धड्यांचाही वाटा आहे.

त्याच तालुक्यात कर्नाळा आणि माथेरानच्या पायथ्याशी कातकरी वाड्या आहेत. खैराच्या काताचा धंदा जंगलकायद्यांत गेला, तसे कातकरी मोलमजुरीवर आले. दिवाळी सरली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुलं सोबत जातात. ‘विधायक संसद’ या संस्थेनं नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या, त्या याच मुलांसाठी. आता शासन स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी पत्रक देतं. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. त्या नव्या वर्गात बाई पाटीवर अक्षर काढायला सांगतील, की आधी वाडीवरची एखादी गोष्ट विचारतील, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. तुळशीच्या लग्नानंतर भट्ट्या पेटू लागल्या की अशी मुलं नव्या शाळांच्या दारात येऊ लागतात.