औषधांचा अंश हुडकणारी सूक्ष्म जाळी

द्राक्षाच्या घडावर किती औषध उरले आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे अनुभवी बागाईतदारासही शक्य नाही. २०१० साली आपल्या द्राक्षांचा माल युरोपच्या बंदरांत अडकला, तो क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे. तेथील तेव्हाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे २० टन मालात १ ग्रॅम! असा अंश अचूक मोजण्यास आज मोठ्या प्रयोगशाळेतील यंत्रेच लागतात. हीच परीक्षा काढणीपूर्वी बांधावर करता यावी म्हणून जे संशोधन चालू आहे, त्यात ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ या पदार्थांकडे शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष आहे. या पदार्थांच्या विकासाबद्दल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यांस आपण धातु-सेंद्रिय जाळी म्हणू. (सेंद्रिय म्हणजे येथे शेणखत नव्हे, कार्बनी संयुगे असा अर्थ घ्यावा.) द्राक्षमांडवात खांब व तारा असतात, तद्वत् या जाळीत धातूचे अणू व त्यांना जोडणारे कार्बनी रेणू असतात, आणि मध्ये असंख्य पोकळ्या राहतात. १९९९ साली याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या एमओएफ-५ या जस्तयुक्त जाळीच्या एका ग्रॅमच्या अंतःपृष्ठाचे क्षेत्रफळ सुमारे २,९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २९ गुंठे भरले. चिमूटभर भुकटीत एवढे रान! म्हणूनच औषधाचे विरळ रेणूही तीत अडकतात. काही जाळ्या प्रकाश देतात व असे रेणू शिरताच मंदावतात. त्यावरूनही अंश ओळखता येतो.

जैवसंवेदकाची रीत निराळी आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. फवारणी करणाऱ्यास विषबाधा होते तीही याच कारणाने. हेच विकर पट्टीवर पहारेकरी म्हणून बसवितात. ते काम करीत असेतो विजेचा ठराविक प्रवाह मिळतो. नमुन्यात औषध असल्यास प्रवाह घटतो, आणि घटीवरून अंशाचा अंदाज बांधता येतो. मात्र विकर नाजूक असते, उष्णतेने निकामी होते. जाळीचा खरा उपयोग येथे होतो. झिफ-८ या जाळीच्या कवचात ठेवलेले एक विकर उकळत्या पाण्यातून काढल्यावरही कार्यक्षम राहिल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ साली दाखविले.

मग अशी पट्टी गावोगावी का नाही, असा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना पडेल. एमओएफ-५ दमट हवेत ढासळते. झिफ-८ पाण्यात टिकते, परंतु आम्लात विरघळते, आणि द्राक्षाचा रस तर आंबट! त्याची आम्लता आधी कमी करावी लागते. याहून मोठी अडचण अशी की, हे विकर बंद पाडणारी औषधेच तेवढी या पट्टीस समजतात. कोणते औषध, हे ती सांगत नाही. क्लोरमेक्वाट या गटातले नव्हे. तेव्हा २०१० चा माल अशा पट्टीने बहुधा निर्दोष ठरविला असता.

तूर्त निर्यातीच्या बागेतील नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासून घ्यावा. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतील काढणीपूर्व कालावधी पाळावा, आणि प्रत्येक फवारणीचा दिनांक, औषध व मात्रा वहीत त्याच दिवशी नोंदवावी.