मेंदूतील वीज आणि अपस्मार

कोपरगावच्या परिसरातील शेते गोदावरीच्या कालव्यांवर पिकतात. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेले पाणी कालव्यातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतात येते. वाटेवर ठिकठिकाणी दारे असतात. पाटकरी ती वेळेवर उघडतो आणि वेळेवर मिटतो. सर्व दारे एकाच वेळी सताड उघडली, तर तेच जीवनदायी पाणी उभे पीक वाहून नेईल. दोष पाण्याचा नव्हे. त्याचा धरबंध सुटला, हे अनर्थाचे मूळ होय. मानवी मेंदूचेही काहीसे असेच आहे.

मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणाला अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम इत्यादींचे विद्युत्भारित कण आतबाहेर करतात आणि विजेचा क्षीण स्पंद निर्माण होतो. हा स्पंद पेशीच्या टोकाशी पोहोचला, की तेथून एक रसायन स्रवते व पुढील पेशीला निरोप मिळतो. ग्लुटामेट नावाचे रसायन तिला चेतवते. गाबा नावाचे रसायन तिला शांत करते. या दोहोंचा समतोल राहिला, म्हणजे हात लिहितो, जीभ बोलते, मन विचार करते.

हा समतोल ढळला, तर असंख्य पेशी एकदम एकाच तालावर विजेचे स्पंद सोडू लागतात. यालाच झटका म्हणतात, आणि असे झटके वारंवार येण्याच्या विकाराला अपस्मार किंवा फेफरे म्हणतात. झटक्याचे मूळ मेंदूतील अशा स्फोटक विद्युत्प्रवाहात आहे, असे इंग्लंडमधील वैद्य जॅक्सन यांनी १८७३ साली प्रतिपादिले. पुढे १९२४ साली जर्मनीतील हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विजेचा पहिला आलेख काढला. असा आलेख आजही निदानास साहाय्य करतो.

मेंदूचा जो भाग बिघडतो, तसे झटक्याचे रूप असते. कोणाचा एकच हात थरथरतो. कोणी बेशुद्ध होऊन कोसळतो. एखादे मूल काही क्षण केवळ शून्यात पाहत राहते, आणि अभ्यासात लक्ष नाही म्हणून विनाकारण बोलणी खाते. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, डोक्यास मार लागणे, मेंदूज्वर, ही याची काही कारणे. अस्वच्छ हातांवाटे वा न धुतलेल्या भाजीवाटे पट्टकृमीची अंडी पोटात गेल्यानेही हा विकार जडू शकतो. कित्येकदा मात्र कारण सापडत नाही.

झटका आलेल्यास कांदा किंवा जोडा हुंगवण्याची जुनी समजूत आहे. बहुतेक झटके एकदोन मिनिटांत आपोआप थांबतात. श्रेय मात्र कांद्याला मिळते! खरे साहाय्य निराळे आहे. जवळच्या टणक वस्तू दूर साराव्यात, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, रोग्यास कुशीवर वळवावे. त्यास दाबून धरू नये व तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

या विकारावर औषधे आहेत. १९१२ साली फेनोबार्बिटल आणि १९३८ साली फेनिटॉइन यांचा गुण प्रथम ध्यानी आला. पहिले गाबाचा शामक प्रभाव वाढवते. दुसरे सोडियमची दारे वारंवार उघडू देत नाही. म्हणजे ही औषधे मेंदूतील पाटकऱ्याचेच काम करतात. पुढे आणखी अनेक औषधे निघाली. योग्य औषध नियमित घेतल्यास दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात. उरलेल्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. मात्र बरे वाटते म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून औषध सोडणे घातक असते. कारण मिटलेली दारे पुन्हा एकाएकी उघडतात.

अपस्मार संसर्गजन्य नाही. तो कोणाचा शाप किंवा भूतबाधाही नाही. हा विकार विवाह रद्द ठरवण्यास कारण मानणारी तरतूद भारतीय कायद्यातून १९९९ साली काढून टाकण्यात आली. कायद्याने आपली चूक सुधारली. समाजाच्या मनातील चूक सुधारणे अद्याप शिल्लक आहे. झटका ओसरल्यावर डोळे उघडणाऱ्या मुलाला भोवती भेदरलेले चेहरे दिसावेत, की मदतीचा हात दिसावा, हे त्याच्या सोबत्यांच्याच हाती असते.