समुद्रप्रवास आणि अन्नाचें वावडें

अन्नाला नांवें ठेवूं नयेत, पानांत पडेल तें मुकाट्यानें खावें, ही शिकवण आपल्याकडे घरोघरीं मुलांस लहानपणापासून दिली जाते. आणि ती योग्यच आहे. परंतु जगांत अशींही मुलें व माणसें आहेत कीं, ज्यांस एखादा पदार्थ विषासारखा बाधतो. त्यांनीं त्या पदार्थाविषयीं मौन धरणें हा विनय नव्हे, तो जिवाशीं खेळ होय. घरीं असतांना हा भेद फारसा जाणवत नाहीं, कारण स्वयंपाक करणारी माउली सर्व जाणून असते. तो खरा जाणवतो घरापासून दूर, आणि त्यांतही भर समुद्रांत. मुंबई बंदरांतून गोवा, लक्षद्वीप इत्यादि ठिकाणीं पर्यटनाच्या जहाजानें सहकुटुंब जाण्याचा प्रघात अलीकडे पडूं लागला आहे. म्हणून अन्नाचें वावडें असणाऱ्यानें जहाजावर कसें वागावें, याचा थोडा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

‘वावडें’ हा शब्द आपण सैलपणें वापरतों. कोणास कारलें आवडत नाहीं. कोणाचें पोट दुधानें फुगतें. कोणास कोळंबीचा एक घांस खातांच अंगावर गांधी उठतात व श्वास कोंडतो. या तिन्ही गोष्टींत महदंतर आहे. पहिली केवळ नावड होय. दुसरीस असहिष्णुता म्हणतात. दुधांतील लॅक्टोज नांवाची साखर पचविणारें द्रव्य आंतड्यांत पुरेसें नसलें म्हणजे पोट फुगतें, जुलाब होतात; त्रास होतो, पण प्राणभय नसतें. तिसरी ती ॲलर्जी. हिच्यांत शरीराची रोगप्रतिकारक शक्ति निरुपद्रवी अन्नास शत्रु समजून त्याजवर तुटून पडते, आणि कित्येकांच्या बाबतींत कणभर पदार्थही त्यास पुरतो. सीलिॲक रोग याहून निराळा. त्यांत गहूं, जव इत्यादि धान्यांतील ग्लुटेनामुळें आंतड्याच्या अस्तरास हळूहळू इजा होते. तेथें तत्काळ घात होत नसला तरी पथ्य मात्र चिमूटभर पिठाचेंही पाळावें लागतें. तेव्हां आपलें वावडें यांपैकीं कोणतें, हें डॉक्टरांकडून निश्चित करून घेणें ही पहिली पायरी होय.

या विकाराच्या ज्ञानाचा उगम एका समुद्रप्रवासांतच झाला, हें वाचून आमच्या बालवाचकांस कौतुक वाटेल. १९०१ सालीं मोनॅकोचे अधिपति पहिले आल्बर्ट यांच्या जहाजावर शार्ल रिशे व पॉल पोर्टिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रांतील एका विषारी प्राण्याच्या दंशाचा अभ्यास करीत होते. परत आल्यावर त्यांनीं तशाच दुसऱ्या एका समुद्रजीवाचें विष कुत्र्यांस अल्प प्रमाणांत टोंचून पाहिलें. त्यामुळें कुत्र्यांस प्रतिकारशक्ति येईल अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु नेपच्यून नांवाच्या एका धट्ट्याकट्ट्या कुत्र्यास कांहीं आठवड्यांनीं पुन्हां थोडेंसें विष टोंचतांच तो अर्ध्या तासाच्या आंत मरण पावला. संरक्षणाच्या ऐवजीं उलटाच परिणाम झाला, म्हणून १९०२ सालीं त्यांनीं त्यास ‘ॲनाफिलॅक्सिस’ असें नांव दिलें. या शोधाबद्दल रिशे यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ सालीं व्हिएन्ना येथील फॉन पिर्के यांनीं प्रचारांत आणिला.

कोणत्याही अन्नाची ॲलर्जी होऊं शकते. तरीपण अमेरिकेच्या कायद्यानें नऊ पदार्थ प्रमुख मानिले आहेत: दूध, अंडीं, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, काजू-बदामांसारखीं कवचाचीं फळें, शेंगदाणे, गहूं, सोयाबीन व तीळ. यांपैकीं तिळाची गणना १ जानेवारी २०२३ पासून होऊं लागली. युरोपांत ही यादी चौदांची असून तींत मोहरीचाही समावेश आहे. शेंगदाण्याचें कूट व मोहरीची फोडणी हीं ज्या स्वयंपाकांत नित्याचीं, त्या घरांस या याद्यांचें महत्त्व निराळें सांगणें नलगे.

जहाजावर अडचण अशी कीं, पदार्थांचीं नांवें अनोळखी असतात व त्यांत काय दडलें आहे हें नांवावरून कळत नाहीं. ‘हमस’मध्यें तीळ असतात, ‘पेस्टो’मध्यें कवचाचीं फळें व चीज, ‘मार्झिपान’ म्हणजे बदामाची मिठाई, वूस्टरशायर सॉसमध्यें बहुधा मासे असतात, तर साध्या सोया सॉसमध्यें बहुधा गहूं. शिवाय ज्या तेलांत कोळंबी तळली त्यांतच बटाटे तळले, किंवा बफेच्या मेजावर एकाच पळीनें दोन भांडीं ढवळलीं, तरी निर्दोष पदार्थ दूषित होतो. पदार्थ शिजविल्यानें किंवा तळल्यानें हा दोष हमखास नाहींसा होतो असें मुळींच समजूं नये.

आतां उपाय पाहूं. तिकीट काढतांनाच कंपनीस आपलें वावडें लेखी कळवावें. जितकें अगोदर तितकें बरें, कारण जहाज बंदर सोडल्यावर बाजार जवळ नसतो. ‘नट चालत नाहींत’ असें मोघम लिहूं नये. शेंगदाणा, काजू, बदाम यांचीं नांवें स्वतंत्र द्यावीं. डॉक्टरांचें पत्र घ्यावें, आणि ज्यास तीव्र ॲलर्जी आहे त्यानें त्यांच्या सल्ल्यानें अ‍ॅड्रेनॅलिनच्या दोन मात्रा बरोबर घ्याव्या. हें औषध हातपिशवींतच असावें. मोठें सामान धक्क्यावर सोंपवून द्यावें लागतें व तें केबिनींत पोंचण्यास कित्येक तास लागतात. पहिलें जेवण मात्र त्यापूर्वींच होतें.

जहाजावर पाऊल ठेवतांच पहिल्या दिवशीं मुख्य वाढप्यास भेटावें. पूर्वीं पत्र धाडलें आहे एवढ्यावर विसंबूं नये. पुष्कळ जहाजांवर दुसऱ्या दिवशींच्या जेवणाची यादी आदल्या रात्रीं पाहावयास मिळते. तीवरून पदार्थ निवडल्यास मुदपाकखान्यांत तो वेगळ्या भांड्यांत करतां येतो. शक्य तों एकाच मेजावर, त्याच वाढप्याकडून जेवावें आणि बफे टाळावा. तरीही प्रत्येक जेवणाच्या वेळीं पुन्हां विचारावें, कारण कालचा स्वयंपाकी आज त्या जागीं असेलच असें नाहीं. अशा जहाजांवर नाना देशांचीं माणसें काम करितात; गोमंतकांतील कित्येक घरांचे कर्ते पुरुषही तेथें स्वयंपाकी व वाढपी आहेत. नीट सांगितलें तर हीं माणसें मनापासून साह्य करितात. न सांगितलें तर त्यांनीं ओळखावें तरी कसें? बंदरांत उतरल्यावर तेथील भाषेंत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी, आणि तीही कोणास वाचतां येत नसेल तर बंद वेष्टनांतील आपला परिचित खाऊच खावा.

एवढें करूनही प्रसंग ओढवला तर काय? ओठ वा जीभ सुजणें, घसा आवळणें, धाप लागणें, वारंवार ओकारी, घेरी हीं ॲनाफिलॅक्सिसचीं चिन्हें होत. तीं दिसतांच मांडीच्या बाहेरच्या बाजूस अ‍ॅड्रेनॅलिन टोंचावें व जहाजाच्या डॉक्टरास बोलवावें. वाट पाहूं नये. खाजेच्या गोळीनें गांधी उतरतील, पण कोंडलेला श्वास मोकळा होणार नाहीं. रोग्यास चालवूं नये. आडवें निजवून पाय उंच करावे. श्वासाचा त्रास असेल तर टेंकून बसवावें. पांच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास दुसरी मात्रा द्यावी. बरें वाटल्यावरही कांहीं तासांनीं विकार उलटूं शकतो, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालींच राहावें. मोठ्या जहाजांवर दवाखाना असतो खरा. परंतु शहरांतील इस्पितळ तेथें नाहीं, आणि विमानाची मदत येणें न येणें हें वारा, लाटा व किनाऱ्याचें अंतर यांवर अवलंबून आहे. मुंबईंत जें अंतर गाडीनें तोडतां येतें, तें समुद्रांत पूर्वतयारीनेंच तोडावें लागतें.

शेवटीं दोन शब्द. ज्या मित्रास असें वावडें आहे, त्यास ‘थोडेंसें खाल्ल्यानें काय होतें?’ असा आग्रह कोणीही करूं नये. त्या थोड्यानेंच घात होतो. आईबापांनीं मुलास भिववूं नये, तर आपल्या पदार्थाचें नांव अनोळखी मनुष्यासमोर स्पष्ट उच्चारण्यास शिकवावें. कारण जहाजावर प्रत्येक घांसाच्या वेळीं आई शेजारीं असेलच असें नाहीं. आणि मुलांनो, ‘यांत काय काय घातलें आहे?’ असें नम्रपणें विचारणें म्हणजे अन्नास नांवें ठेवणें नव्हे. ज्यास हा प्रश्न निःसंकोचपणें विचारतां येतो, त्यास समुद्राची हवा, सूर्योदय व पंगतीचा आनंद हीं सर्व सुखें इतरांइतकींच मोकळीं आहेत.