जुन्या रुपयांचे ठसे व त्यांतील भेद

एकाच सालीं पडलेले दोन रुपये एकमेकांसारखेच असावयाचे, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. वजन एक, मोल एक; मग भेद कोठून येणार? परंतु तेच दोन रुपये भिंगाखालीं शेजारीं शेजारीं ठेविले असतां पुष्कळदां निराळे दिसूं लागतात. एकावरील वेलीस फळें कमी, दुसऱ्यावरील वेलीस अधिक. एकावर बारीक टिंब, दुसऱ्यावर तें नाहीं. सातारा व सांगली या आपल्या भागांत जुनीं नाणीं अजूनही अनेक घरांतून सांपडतात. म्हणून या भेदांची थोडी ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हे भेद कसे उत्पन्न होतात तें पाहूं. पूर्वी नाणें पाडतांना खालचा ठसा ऐरणींत बसवीत, त्यावर धातूची चकती ठेवीत, आणि वरचा ठसा हातांत धरून त्यावर घणाचा घाव घालीत. घावाघावानें ठसा झिजे, त्यास चीर पडे. मग कारागीर नवा ठसा कोरी. हातानें कोरलेलें काम दुसऱ्या वेळीं हुबेहूब कसें उतरावें? आपली शिवराईच पाहा. छत्रपति शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकापासून चालत आलेलें हें तांब्याचें नाणें पेशवाईंतही पडत होतें. त्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असतात. परंतु कोठें ‘शिव’, कोठें ‘सिव’, कोठें ‘सीव’. कोठें अक्षरांजवळ सूर्य, कोठें चंद्र, असे त्यांत कितीतरी प्रकार आढळतात.

पेशवाईंतील चांदीच्या रुपयांची गोष्ट याहून मौजेची आहे. त्यांवर मोगल बादशहाचें नांव फारशी लिपींत असे. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें लेखाचा एखादा तुकडाच नाण्यावर उमटे. म्हणून टांकसाळ पुष्कळदां खुणेवरूनच ओळखावी लागते. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी रुपया. सांगलीशेजारच्या मिरजेसही त्या काळीं टांकसाळ होती. एकाच ठशाच्या एका नाण्यावर लेखाचा डावा भाग उमटलेला असतो, तर दुसऱ्यावर उजवा. अशीं अनेक नाणीं जुळवून पाहिलीं म्हणजेच संपूर्ण लेख वाचतां येतो.

पुढें यंत्रें आलीं. १८३५ पासून कंपनीचा एकच रुपया सर्व मुलखांत चालूं लागला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा असे. तरीही भेद संपले नाहींत. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या रुपयावर राणीचें नांव कांहीं नाण्यांत सलग आहे, तर कांहींत मस्तकाच्या दोहों बाजूंस विभागलेलें आहे. पाठीमागील वेलीचीं फळें मोजलीं, तर कोठें १९, कोठें २०, कोठें २८, तर कोठें ३४ किंवा ३५ भरतात. १८६२ हें साल घातलेले रुपये तर १८७४ पर्यंत पडत राहिले. मुंबईच्या टांकसाळीनें त्यांवर लहान टिंबें घातलीं, आणि त्यांच्या संख्येवरून अभ्यासक नाण्याचें खरें वर्ष ठरवितात. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्ज बादशहाच्या झग्यावरील हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला. लोकांत क्षोभ झाल्यामुळें १९१२ च्या ठशांत तो सुधारण्यांत आला.

हा छंद केवळ आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेच्या १८७८ च्या चांदीच्या डॉलरावरील गरुडाच्या शेपटीस प्रथम आठ पिसें होतीं, त्याच सालीं तीं सात करण्यांत आलीं. व्हॅन ॲलन व मॅलिस या दोघां अभ्यासकांनीं त्या डॉलरांच्या ठशांची बारकाईनें यादी केली. त्यांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून या प्रकारांस तिकडे ‘व्हॅम’ म्हणतात.

नाण्यांच्या प्रदर्शनास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं दहापट मोठें दाखविणारें एक भिंग व एक वही जवळ बाळगावी. विक्रेत्याची परवानगी घेऊन नाणें कडांनीं धरावें. आधीं साल, मग मुखवट्याखालील बारीक अक्षरें, मग वेलीचीं फळें पाहावींत. फळें दोनदां मोजावींत. झिजून पुसट झालेली खूण व ठशांतच नसलेली खूण यांत गल्लत करूं नये. कडेला सांध्याची रेघ दिसली किंवा वजन न जुळलें, तर नाणें ओतीव व बनावट असण्याचा संभव असतो.

आतां पालकांस एक विनंति. लक्ष्मीपूजनाचे किंवा आजीच्या पेटींतले रुपये चिंच वा राख लावून घासूं नयेत, आणि ते सराफाकडे चांदीच्या भावानें मोडण्यापूर्वीं मुलांकडून एकदां भिंगाखालीं तपासवून घ्यावेत. मुशींत गेलेल्या रुपयाची चांदी तेवढी उरते. त्यावरील लेखाचा तुकडा कायमचा जातो, आणि कदाचित् तोच अभ्यासकांस हवा असतो. वाडा पाडतांना किंवा शेत नांगरतांना जमिनींत पुरलेलें दहा रुपयांहून अधिक किमतीचें धन सांपडल्यास १८७८ च्या कायद्यान्वयें तें कलेक्टरांस कळविणें बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनीं नाणीं खाजगी रीतीनें परदेशीं पाठविण्यासही १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे.

या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं घरांतील वडील माणसांजवळ जुन्या नाण्यांची चौकशी करावी, प्रत्येकाचें साल, वजन व खुणा वहींत उतरून ठेवाव्यात, आणि मग तीं जशींच्या तशीं परत पेटींत ठेवावींत. एवढी एक वही प्रत्येक घरीं तयार झाली, तरी आपल्या भागाच्या इतिहासाचें पुष्कळ साधन मुशीपासून वांचेल.